दुकानाचं रिनोव्हेशन आणि राडारोड्याची गाडी : स्वस्तातली ट्रिप शेवटी महाग का पडते?



दुकानाचं नूतनीकरण करायचं ठरलं की आपण एक यादी करतो. टाईल्स, प्लाय, रंग, इलेक्ट्रिक, पीओपी, बाहेरचा बोर्ड. प्रत्येकाचं कोटेशन घेतो, दोन-तीन ठिकाणी भाव काढतो, घासाघीस करतो. पण या यादीत एक ओळ जवळजवळ कधीच नसते. जुनं फोडल्यावर जो राडारोडा निघेल, तो उचलायचा खर्च!

"त्याचं काय, एक टेम्पो सांगितला की झालं." बहुतेक जण असंच म्हणतात. मग फोडकाम सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ढीग दिसतो. शेजारचा दुकानदार कुरकुर करायला लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी खाली येतात. फरशीवाला म्हणतो, "साहेब, आत जागाच नाही, मी काम कुठे करू?" अशा वेळी घाईघाईत जो पहिला टेम्पोवाला मिळेल त्याला आपण हो म्हणतो. घाईत घेतलेला सौदा कसा असतो, हे व्यापाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे तुम्ही ऐकलं असेल, तिथे मोठा लोखंडी डबा दारात आणून ठेवतात, तुम्ही तो भरायचा आणि कंपनी उचलून नेते. त्याला ते डम्पस्टर म्हणतात. आपल्याकडे छोट्या कामांना सहसा गाडीच भाड्याने घ्यावी लागते. छोटा हत्ती, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉली नाहीतर डंपर. पद्धत वेगळी असली तरी चुका त्याच होतात. आजच्या लेखात आपण अशा सात चुका बघू. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो.

तुम्ही गाडी भाड्याने घेत नाही. राडारोडा तुमच्या दारातून उचलून योग्य जागी रिकामा होणं, हे पूर्ण काम तुम्ही विकत घेताय. भाव ट्रिपचा ठरवाल तर तुम्हाला ट्रिप मिळेल. भाव पूर्ण कामाचा ठरवाल तर काम पूर्ण होईल.

चूक १ : ढिगाचा अंदाज डोळ्याने करणे

"थोडंच आहे हो, एका टेम्पोत बसेल." हा अंदाज नेहमी कमी का पडतो, माहीत आहे? कारण आपण उभी भिंत बघून अंदाज करतो. भिंत फुटली की तिचे तुकडे होतात, तुकड्यांमध्ये पोकळी राहते आणि तोच माल साधारण दीडपट जागा खातो. वजन तेवढंच राहतं, जागा मात्र वाढते.

चला, एक हिशेब मांडू. समजा तुमचं दुकान १० बाय २० फुटांचं आहे, उंची ९ फूट. काम असं : जुनी फरशी काढायची, तीन भिंतींचा खराब प्लास्टर पाडायचा आणि मधली एक पार्टिशनची वीटभिंत तोडायची.

- फरशी : २०० चौरस फूट. टाईल आणि खालचा थर धरून ३ इंच. म्हणजे ५० घनफूट.
- प्लास्टर : दोन लांब भिंती आणि मागची एक मिळून ४५० चौरस फूट. जाडी १ इंच. म्हणजे साधारण ३८ घनफूट.
- पार्टिशन : १० बाय ९ फूट, दोन्ही बाजूंचा प्लास्टर धरून जाडी ६ इंच. म्हणजे ४५ घनफूट.

एकूण झाले १३३ घनफूट. फोडल्यावर दीडपट धरा, म्हणजे २०० घनफूट. आपल्याकडे १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे तुमच्या या "थोड्याशा" कामातून दोन ब्रास राडारोडा निघणार.

आता वजन बघा. विटा-प्लास्टरचं घट्ट बांधकाम घनफुटाला साधारण ५० ते ५५ किलो भरतं. १३३ घनफुटांचे झाले जवळपास सात टन. तीस किलोची एक गोणी धरली तर सव्वादोनशेच्या वर गोण्या! डोळ्यांना हे कधीच दिसत नाही. म्हणून टेप घ्या, मोजा आणि वहीत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हो, पावसाळ्यात ढीग उघडा राहिला तर तो पाणी पितो आणि वजन आणखी वाढतं. ताडपत्री टाका.

चूक २ : "ट्रिपचे किती?" एवढंच विचारणे

ट्रिप म्हणजे नेमकं काय? छोट्या हत्तीची ट्रिप आणि डंपरची ट्रिप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीला दोन मर्यादा असतात. एक जागेची आणि दुसरी वजनाची. कापूस भरला तर आधी जागा संपते. राडारोडा भरला तर आधी वजनाची मर्यादा संपते, हौदा अर्धा रिकामा दिसत असला तरीही.

वरच्या सात टनांसाठी ढोबळ हिशेब असा :

- छोटा हत्ती, साधारण पाऊण टन : दहा फेऱ्या
- पिकअप, साधारण दीड टन : पाच फेऱ्या
- ४०७ टेम्पो, साधारण अडीच टन : तीन फेऱ्या
- सहा चाकी डंपर, आठ-दहा टन : एक फेरी

मॉडेलप्रमाणे क्षमता कमी-जास्त होते. गाडीच्या आरसी बुकात एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी केली की किती माल भरता येतो ते कळतं.

आता व्यवहार बघू. खालचे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावातला भाव तुम्ही काढा. समजा पहिला म्हणाला, "१,७०० रुपये ट्रिप." दुसरा म्हणाला, "९,५०० रुपये, भराईसकट, रिकामं करण्यासकट." कानाला काय गोड लागतं? १,७००! पण पिकअपच्या पाच फेऱ्या झाल्या ८,५००. प्रत्येक फेरीला भराईचे ६०० वेगळे, ते झाले ३,०००. एकूण ११,५००. शिवाय काम दीड दिवस रेंगाळलं. कागदावर मांडलं की स्वस्त कोण आणि महाग कोण ते लगेच कळतं.

तुम्ही म्हणाल, "सर, पिकअपमध्येच जरा जास्त भरलं तर? तीन फेऱ्यांत उरकेल." नका करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर जादा वजनाच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. आणि कायदा फक्त चालकाला धरत नाही. अशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा, असे शब्द त्या कलमात आहेत. ओव्हरलोड गाडीचा ब्रेक उतारावर लागला नाही तर काय होईल, याची किंमत तर रुपयांत मोजताच येत नाही.

चूक ३ : भावात काय धरलंय आणि काय नाही, हे न विचारणे

आपण माल विकताना ग्राहकाला सांगतो ना, "यात डिलिव्हरी धरलेली नाही"? इथे आपण ग्राहक असतो आणि विचारायचंच विसरतो. या गोष्टी एकेक करून विचारा :

- भराईची माणसं तुमची की त्यांची? किती माणसं?
- दुकान पहिल्या मजल्यावर असेल तर खाली उतरवण्याचा दर वेगळा आहे का?
- गाडी दारापर्यंत येत नसेल तर किती फुटांपर्यंतची वाहतूक भावात आहे?
- गोण्या कोण आणणार?
- गाडी थांबून राहिली तर तासाचे पैसे लागतात का? किती वेळ मोफत?
- रिकामं करण्याच्या जागी पैसे भरावे लागतात, ते कोण भरणार?
- शेवटी जागा झाडून देणार का?

आणि काँट्रॅक्टरकडून काम करून घेत असाल तर त्याचं कोटेशन आज रात्री पुन्हा एकदा काढून वाचा. खाली बारीक अक्षरात "डेब्रिज एक्स्ट्रा" असं लिहिलेलं असतं. नाहीतर काहीच लिहिलेलं नसतं, आणि ते जास्त धोक्याचं. काहीच लिहिलेलं नसेल तर तो म्हणणार "हे तुमच्याकडे", तुम्ही म्हणणार "हे तुझ्याकडे", आणि ढीग दोघांच्या मध्ये. काम सुरू होण्याआधी एक ओळ लिहून घ्या : "फोडकामातून निघालेला राडारोडा भरून, नेऊन, अधिकृत जागी रिकामा करून त्याची पावती देण्याची जबाबदारी अमक्याची. खर्च इतका."

दुकान भाड्याचं असेल तर मालकाशीही हे बोलून घ्या. स्लॅबची गळती मालक दुरुस्त करणार असेल तर त्याचा राडारोडा कुणी उचलायचा? आधी बोललात तर दोन मिनिटांत सुटतं. नंतर बोललात तर संबंध बिघडतात.

चूक ४ : सगळं एकाच ढिगात टाकणे

फोडकामाच्या पहिल्याच दिवशी बघा, ढिगात काय काय असतं. विटा, फरशी, जुनं प्लाय, वायरी, नळ, शटरचे तुकडे, ट्यूबलाईट, थर्माकोल, खाऊची पाकिटं, कामगारांच्या जेवणाचा कचरा. हे सगळं तुम्ही वजनाने आणि जागेने पैसे मोजून बाहेर पाठवताय. त्यातलं अर्धं विकत घेणारा माणूस मात्र दोन गल्ल्या सोडून बसलाय.

फोडण्याआधी काढण्याचं काम करा. हा क्रम पाळा :

पहिल्यांदा वायरिंग, फिटिंग, पंखे, नळ. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं ठेवा. भंगारवाल्याला बोलवा आणि वजन तुमच्यासमोर करून घ्या.

दुसऱ्यांदा लाकूड. दरवाजे, चौकटी, रॅक, काउंटर. चांगल्या सागवानी चौकटीला जुन्या लाकडाच्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. फोडून टाकली तर सरपण.

तिसऱ्यांदा इलेक्ट्रॉनिक वस्तू. जुना एसी, फ्रीज, संगणक, बिलिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी. ई-कचऱ्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा त्याच्या संकलन केंद्रावरच द्या. जुन्या ट्यूब आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो. त्या फुटू देऊ नका, खोक्यात उभ्या भरून वेगळ्या ठेवा.

चौथी गोष्ट महत्त्वाची, नीट वाचा. मागच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर हातोडा मारू नका. अशा पत्र्यांमध्ये बहुधा ॲसबेस्टॉस असतं. पत्रा फुटला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारे आजार कित्येक वर्षांनी उघड होतात, कॅन्सरसुद्धा. पत्रे पाण्याने ओले करा, नटबोल्ट काढून अख्खे उतरवा, चांगला मास्क वापरा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि कुठे द्यायचे ते महापालिकेच्या घनकचरा विभागात विचारा. तुमच्याकडे काम करणारा मजूर हे स्वतःहून विचारणार नाही. त्याची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

एवढं बाजूला काढल्यावर जे उरतं, ते स्वच्छ राडारोडा. विटा, काँक्रीट, प्लास्टर, फरशी. अशा स्वच्छ मालाला प्रक्रिया प्रकल्पात किंमत असते, कारण तो दळून त्याची खडी आणि वाळू करता येते, त्यातून पेव्हर ब्लॉक बनतात. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठी असलेल्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने अशा पुनर्वापराच्या खडीला ठरावीक मर्यादेत परवानगी दिलेली आहे. भेसळ असेल तर मात्र गाडी गेटवरून परत पाठवली जाऊ शकते, आणि परतीच्या फेरीचे पैसे तुमच्याकडेच मागितले जातात.

आणखी एक. जोतं खणताना माती-मुरूम निघाला तर तो राडारोड्यात धरू नका. ते गौण खनिज आहे. ते बाहेर नेण्याआधी तहसील कार्यालयात परवाना लागतो का ते विचारा. परवान्याशिवाय मुरूम नेणारी गाडी महसूल खातं जप्त करू शकतं.

चूक ५ : गाडी कुठे आणि कधी उभी राहणार, याचा विचार न करणे

डंपर स्वस्त पडतो हे वर पाहिलं. पण तुमचं दुकान जुन्या पेठेत असेल, गल्ली दहा फुटांची असेल आणि वरून केबलच्या वायरी लोंबत असतील तर डंपर आत येणारच नाही. तिथे पिकअपच्या पाच फेऱ्याच कराव्या लागतात, आणि मग पाच फेऱ्यांचा एकत्र भाव ठरवावा लागतो. म्हणून गाडी ठरवण्याआधी टेम्पोवाल्याला जागा दाखवा, किंवा मोबाईलवर रस्त्याचा व्हिडिओ काढून पाठवा. गल्लीची रुंदी, वायरींची उंची, वळण, सगळं त्यात दिसू द्या.

चेंबरचं झाकण, पाण्याची लाईन, नवीन पेव्हर ब्लॉक यांवर भरलेली गाडी उभी करू नका. झाकण फुटलं तर त्याची भरपाई तुमच्याकडून घेतील आणि सोसायटीशी वाद वेगळा.

वेळेचंही तसंच. बऱ्याच शहरांत सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. तुमच्या रस्त्यावरची वेळ वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या. "मग रात्री करू" असं म्हणत असाल तर रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रीची वेळ आहे. वर राहणाऱ्या लोकांच्या झोपेत हौद्यात विटा फेकल्याचा आवाज गेला तर तक्रार होणारच. सोसायटीत आधी लेखी कळवा, दिवस आणि वेळ द्या. शेजारच्या दोन्ही दुकानदारांना स्वतः जाऊन सांगा, "उद्या दुपारी दोन तास धूळ होईल, जरा सांभाळून घ्या." या एका वाक्याने निम्मी भांडणं टळतात.

आठवडी बाजाराचा दिवस, गणपती, दिवाळी, लग्नसराई. तुमच्या गिऱ्हाइकीच्या दिवसांत दारात ढीग नको. गाडी फोडकाम संपायच्या दिवशीच येईल अशी ठरवा. ढीग एक दिवस जास्त राहिला तर काय पडतं? समजा भाडं महिना ३०,००० म्हणजे दिवसाला १,०००. दोन कामगारांचा पगार दिवसाला १,०००. रोजचा नफा ३,०००. एका दिवसाचे गेले ५,०००! गाडीच्या भावात ५०० रुपये सोडवायला दोन दिवस घालवणाऱ्याने हा हिशेब एकदा करून बघावा.

चूक ६ : "कुठे टाकणार?" हा प्रश्न न विचारणे

सगळ्यात मोठी चूक हीच. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण त्या राडारोड्याची जबाबदारी गाडीबरोबर जात नाही.

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. त्यांत सरळ म्हटलंय की कचरा गोळा करणं, वेगळा करणं आणि साठवणं ही प्राथमिक जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची आहे. तो रस्त्यावर, गटारात टाकायचा नाही. स्थानिक संस्थेच्या केंद्रावर किंवा अधिकृत प्रक्रिया प्रकल्पात द्यायचा आणि ठरलेलं शुल्क भरायचं. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्यांवर आणखी कडक अटी होत्या. २०२५ साली केंद्राने याच विषयावर नवे नियम अधिसूचित केले, त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांतला मुख्य भार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या मोठ्या प्रकल्पांवर आहे. तुमचं छोटं दुकान त्यात बसत नाही, पण म्हणून कुठेही टाकायची मोकळीक मिळत नाही. महापालिकेचा दंड आहेच.

टेम्पोवाला "साहेब, आहे आपली जागा" असं म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा : "कुठली? गावाचं नाव सांगा." ही "आपली जागा" पुष्कळदा नाल्याचा काठ, नदीपात्र, खाडी किंवा कुणाचा तरी मोकळा प्लॉट असते. खाडीकिनारी कांदळवनात भराव टाकणं तर गंभीर गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रभरातल्या कांदळवनांच्या संरक्षणासाठी स्पष्ट आदेश दिलेले आहेत. कुणाला प्लॉटमध्ये भराव हवा असेल तर हरकत नाही, पण जमीनमालकाची लेखी संमती घ्या आणि महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

आणि जरा व्यापारी म्हणून विचार करा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरादारांत शिरला. एवढ्या पावसात पाणी भरणारच, हे खरं. पण नाल्याची रुंदी भरावाने कमी झाली की पाणी आणखी वर चढतं, आणि सगळ्यात आधी कुठे शिरतं? तळमजल्यावरच्या दुकानात. नाल्यात टाकलेली वीट तुमच्याच किंवा तुमच्या व्यापारी बांधवाच्या मालावर पाणी आणून सोडते.

मग अधिकृत जागा कशी शोधायची? महापालिकेच्या वॉर्ड किंवा क्षेत्रीय कार्यालयात घनकचरा विभागात जा. मुंबईत महापालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" नावाची सेवा आहे आणि दहिसर व शिळफाटा भागात प्रक्रिया प्रकल्प आहेत. पुण्यात वाघोलीला प्रकल्प आहे. दर, वजनाची मर्यादा आणि गाडी मिळायला किती दिवस लागतात हे काम सुरू करण्याच्या आधी विचारा. कधी कधी महापालिकेची गाडीच खाजगीपेक्षा स्वस्त पडते. छोट्या गावात नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. भरावाची ठरवून दिलेली जागा असेल तर ते सांगतात.

चूक ७ : कागद न घेता रोख पैसे देऊन मोकळे होणे

ओळखीचा आहे, गावचा आहे, म्हणून आपण कागद मागत नाही. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही. उद्या महापालिकेची नोटीस आली तर तो ओळखीचा माणूसही हा कागद दाखवूनच सुटेल.

गाडी भरायच्या आधी आरसी, विमा आणि चालकाच्या लायसन्सचा फोटो घ्या. ट्रॅक्टर असेल तर जास्त लक्ष द्या. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या मालवाहतुकीला वापरला आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग जखमी माणूस भरपाई कुणाकडे मागणार? काम कुणाचं होतं, हा प्रश्न तिथे निघतोच.

पैशाचं असं करा. थोडा ॲडव्हान्स, बाकीचे गाडी रिकामी झाल्याची पावती किंवा प्रकल्पाची वजन-स्लिप आल्यावर. पावती मिळत नसेल तर रिकामी करतानाचा, जागेचं लोकेशन दिसणारा फोटो मागा. शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून द्या आणि बिल घ्या. आयकराच्या नियमांत एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च धंद्यातून वजा मिळत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. भराईचा मुकादम वेगळा असेल तर त्याला १०,००० चीच मर्यादा लागू होते. तुमच्या बाबतीत हा खर्च चालू खर्चात धरायचा की दुकानाच्या भांडवली खर्चात, ते सीएला विचारा. पण विचारायला बिल तर हवं ना!

फोनवर कसं बोलायचं?

सरावासाठी एक नमुना देतो.

"दादा, राडारोडा उचलायचाय. साधारण दोन ब्रास, सात टन. तळमजला, गाडी दारापर्यंत येते. रस्त्याचा व्हिडिओ पाठवतो."

"येऊ की शेठ. १,७०० रुपये ट्रिप."

"ट्रिपचं नको. पूर्ण कामाचं सांगा. भराई, वाहतूक, रिकामं करायचे पैसे आणि पावती, सगळं धरून."

"पावती कशाला शेठ? टाकतो आपण बरोब्बर."

"बरोब्बर टाकालच हो. पण मला हिशेबाला लागते. पावती आली की त्याच दिवशी पूर्ण पैसे, एक रुपया अडकवणार नाही."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. गाडीवाल्याचाही अनुभव असतो की लोक काम झाल्यावर पैशासाठी फिरवतात. डिझेल त्याने आधी भरलेलं असतं, मजुरांना संध्याकाळी पैसे द्यायचे असतात. तुम्ही त्याच दिवशी पैसे देणारे गिऱ्हाईक आहात हे कळलं की तो भावही सरळ सांगतो आणि वेळही पाळतो.

बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका :

"ठरल्याप्रमाणे : शनिवार, दुपारी २ वाजता. अंदाजे दोन ब्रास राडारोडा. भराई, वाहतूक, रिकामं करण्याचं शुल्क, जागा झाडून देणे, सगळं धरून एकूण रुपये ____. रिकामं करण्याची जागा ____. ॲडव्हान्स ____ दिला. बाकी पावती मिळाल्यावर त्याच दिवशी. माल जास्त निघाला तर प्रति ब्रास रुपये ____."

शेवटची ओळ विसरू नका. फोडकामात भिंतीच्या आत काय निघेल सांगता येत नाही. जादाचा भाव आधी ठरलेला असेल तर ऐन वेळी अडवणूक होत नाही. समोरून "ओके" आलं की तो मेसेज जपून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या दुकानात, गोडाऊनमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये येत्या वर्षभरात काही तोडफोड करायची असेल तर टेप घेऊन आजच मोजा. घनफूट काढा, दीडपट करा, १०० ने भागा, म्हणजे ब्रास आले. महापालिकेत एक चक्कर मारून दर विचारा. दोन गाडीवाल्यांकडून पूर्ण कामाचा भाव घ्या. आणि रिनोव्हेशनच्या बजेटमध्ये टाईल्सच्या खाली, रंगाच्या वर, एक ओळ वाढवा : राडारोडा.

हिशेब करताना कुठे अडलात तर मापं लिहून कमेंटमध्ये टाका, मिळून ब्रास काढू. आणि नवीन दुकानाच्या उद्घाटनाला मनापासून शुभेच्छा!